आजोळी वाढणारी मुलं: सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचे, मामा-मावश्यांचे नेहमीचे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. त्या निघाल्या की प्रगतिपुस्तकावरच्या 'पालकाची सही' या रकान्यात सह्या कमी व्हायच्या आणि अंगठे वाढायचे. ते अंगठे आज्यांचे असत. निवृत्तीनंतर माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक त्याच रकान्याचे प्रश्न घेऊन. कुणाची लेक गेली, कुणाचा जावई पिऊन फिरतो, कुणाचे मुलगा-सून करोनात गेले, तर कुणाचे दोघंही धडधाकट आहेत पण सहा महिने कोयत्यावर. मूल मात्र सगळीकडे म्हाताऱ्या माणसांपाशी. येणारे जे विचारतात, ते इथं मांडते आहे.

नातवाला आम्हीच वाढवलं. मग कायद्यानं आम्ही त्याचे पालक की नाही?

हा पहिला प्रश्न, आणि बाकीचे बरेचसे याच्याच पोटातून निघतात. कोणत्या दारात उभं राहून विचारता, त्यावर याचं उत्तर ठरतं.

शाळेच्या दारात तुम्ही पालक आहात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्याकडे मुलाचा ताबा आणि काळजी आहे तो पालक. बाल कल्याण समितीच्या, म्हणजे आधाराची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीच्या, दारातही होऊ शकता. मूल प्रत्यक्षात ज्याच्याकडे आहे त्याला समितीनं मान्यता दिली, तर 2015 चा बाल न्याय कायदा त्याला पालक मानतो.

पण तलाठी, बँक, दुय्यम निबंधक यांच्या दारात गेलात की चित्र बदलतं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं नैसर्गिक पालक दोघेच, बाप आणि आई. त्याच कायद्याच्या कलम 11 नुसार नुसतं सांभाळतो म्हणून कुणालाही अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही. दहा वर्षं दूधभात भरवला असला तरी नाही. तिथं 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाचा हुकूम लागतो. मूल जिथं राहतं त्या जिल्ह्याच्या न्यायालयात हा अर्ज करायचा, कुटुंब न्यायालय असेल तर तिथं.

म्हणजे एकच आजी सकाळी शाळेत पालक असते आणि दुपारी बँकेत कुणीच नसते. चिडायला होतं, पण कोणत्या दाराला कोणता कागद लागतो हे आधी कळलं तर हेलपाटे वाचतात.

शाळा म्हणते, आई-बापाला घेऊन या.

वर सांगितलेली व्याख्या मुख्याध्यापकांना दाखवा. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. मूल शाळेबाहेर राहिलं असेल तर त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं, पहिलीत नाही.

मुख्याध्यापकांची बाजूही सांगते, कारण मी ती पाहिली आहे. त्यांना भीती असते की उद्या बाप येऊन भांडेल, 'माझ्या पोराला कुणाच्या सांगण्यावरून घेतलं?' म्हणून आई-बाप हयात असतील तर त्यांच्या हातचं संमतीचं पत्र न्या. वाद तिथंच मिटतो.

आम्ही तोडीला निघालो. पोरं आजीकडं ठेवतोय. निघायच्या आधी काय करून ठेवू?

उचल घेतलेली असते, मुकादम घाई करत असतो, आणि कागद कुणालाच आठवत नाहीत. तरी एक दिवस काढा.

शाळेत जाऊन सांगा की आम्ही अमुक महिन्यापर्यंत नाही. स्थलांतरित मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची सोय समग्र शिक्षा अभियानात आहे आणि ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. यादीत नाव गाड्या निघायच्या आधी घालावं लागतं, नंतर आलेल्याला बसायला जागा मिळते पण ताट मिळेलच असं नाही. मुलाला बरोबर नेणार असाल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं.

रेशनकार्ड आजीपाशी राहील असं बघा. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना 5 किलो धान्य असतं, ते गावातल्या तोंडांना मिळायला हवं. मुलाचं आधार, लसीकरणाचं कार्ड आणि जन्मदाखला आजीकडे ठेवा. आणि एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहून द्या की मुलं आमच्या मर्जीनं आजीकडे आहेत, शाळेचे आणि दवाखान्याचे निर्णय तिनं घ्यावेत. खाली मुकादमाचा आणि कारखान्याच्या गट कार्यालयाचा फोन नंबर. मध्यरात्री ताप चढला की हा नंबर शोधत बसणाऱ्या आज्या मी पाहिल्यात.

असा कागद नोटरी केला की दत्तक झालं ना?

नाही. पालकत्वही झालं नाही. तो फक्त संमतीचा पुरावा. 'स्टॅम्पवर लिहून घेतलंय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी आधी तो स्टॅम्पच मागते. बहुतेकांवर 'मूल कायमचे दिले' असं काहीतरी असतं. मूल असं कागदावर देता येत नाही, आणि तसं लिहिलेला कागद उलट तुमच्यावरच शेकू शकतो.

नातीच्या नावानं सुकन्या खातं मी उघडलं होतं. पोस्टात म्हणतात, हे चालणार नाही.

ते बरोबर सांगताहेत. सुकन्या समृद्धी खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकच चालवू शकतो. खूप आजोबांनी हौसेनं आपल्या सहीनं खाती उघडली होती. 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमांनी अशा खात्यांचं पालकत्व हयात आई-बापाकडे किंवा न्यायालयानं नेमलेल्या पालकाकडे वर्ग करायला सांगितलं आहे. पैसे बुडत नाहीत, नाव बदलावं लागतं.

साध्या बचत खात्यासाठी एक वाट आहे. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीनं खातं उघडू शकतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचा, हे ती ती बँक ठरवते.

सरकारकडून काही मदत मिळते का?

मिळते, आणि ज्यांना मिळू शकते त्यातल्या फार थोड्यांना ती माहीत असते.

राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही नेमकी याच घरांसाठी आहे. अनाथ मूल, एकच पालक उरलेलं मूल, आई-बाप गंभीर आजारी, तुरुंगात किंवा परागंदा असलेलं मूल संस्थेत न जाता घरात वाढावं, हा तिचा हेतू. 2023 पासून मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात, अठराव्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा, गृहभेट होते आणि बाल कल्याण समिती हुकूम देते. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार कार्ड आणि घरासमोर मुलासह काढलेला फोटो एवढं आधीच जमवा. फोटोला हसू नका, फाइल अडते ती बहुधा त्यावरच.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व, म्हणजे घरात वाढणाऱ्या मुलाला पैशाची मदत, आहे, महिना 4,000 रुपये. त्यात 'अनाथ आणि नातेवाइकांकडे राहणारं मूल' असा वर्ग स्पष्ट लिहिलेला आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. एखादा कारकून 'आजोबा म्हणजे पालक नव्हे' म्हणाला तर हा वर्ग त्याला वाचून दाखवा.

करोनाच्या काळात, म्हणजे 11 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 दरम्यान, ज्या मुलांचे दोन्ही पालक करोनानं गेले त्यांच्यासाठी पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन योजना होती. नाव मंजूर झालेल्यांच्या खात्यात अठराव्या वर्षापर्यंत 10 लाख होतील अशी ठेव आहे आणि ती रक्कम 23 पूर्ण झाल्यावर हातात येते. तेवीस लक्षात ठेवा, कारण अठराव्या वाढदिवसाला बँकेत जाऊन निराश होऊन आलेली मुलं मला भेटली आहेत.

समितीसमोर गेलो आणि त्यांनी मूलच काढून घेतलं तर?

ही भीती खरी आहे, आणि तिच्यापायी कित्येक घरं मदतीचा अर्जच करत नाहीत. पण बाल न्याय कायद्याचं तत्त्वच असं आहे की मुलाची जबाबदारी आधी कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय. जेवण, शाळा, सुरक्षितता ठीक असेल तर म्हातारपण किंवा गरिबी एवढ्यावरून मूल हलवत नाहीत. मारहाण, मजुरी किंवा बालविवाह दिसला तर मात्र समिती हस्तक्षेप करते, आणि तिनं करायलाच हवा.

लेक गेली. तीन वर्षं नातू आमच्याकडे. आता जावयानं दुसरं लग्न केलंय आणि मूल मागतोय.

सगळ्यात अवघड प्रश्न. बाप नैसर्गिक पालक आहे, दुसऱ्या लग्नानं त्याचा तो हक्क जात नाही. पण न्यायालयासमोर हक्कापेक्षा मुलाचं हित मोठं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. 2019 मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आई कर्करोगानं गेलेल्या चिमुरडीला मावशी-मामांनी सांभाळलं होतं. न्यायालयानं तिचा ताबा बापाला दिला आणि आजोळच्यांना भेटीचा अधिकार ठेवला. सप्टेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात उलट झालं. आईचा संशयास्पद मृत्यू झाला, मुलगी अकरा महिन्यांची असल्यापासून आईच्या माहेरच्यांकडे होती. उच्च न्यायालयानं बापाकडे द्यायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. मूल म्हणजे इकडून तिकडे हलवायची वस्तू नव्हे, असं बजावलं.

यातून माझं मत असं झालं आहे की भांडणाच्या आधी बोलणी करावीत. बापाला मुलाला भेटू द्या, सुट्टीत दोन दिवस नेऊ द्या. 'आमच्या लेकीला खाल्लंन्' असं मुलासमोर बोलू नका, खरं असलं तरी. दार बंद करणाऱ्या आजोळाकडे न्यायाधीशही साशंकपणे पाहतात. बापाकडून मारहाणीचा, दारूचा खरा धोका असेल तर मात्र वाट पाहू नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि पालकत्वाचा अर्ज टाका.

बाप नेत नाही, पैसेही देत नाही, अशी घरं जास्त. मुलाच्या वतीनं त्याच्याकडून पोटगी मागता येते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144.

आई-बाप दोघंही गेले. एकीकडे काका, दुसरीकडे मावशी, दोघंही मागताहेत.

2022 मध्ये अशीच एक केस सर्वोच्च न्यायालयात गेली होती. अहमदाबादचा लहान मुलगा, करोनात दोन्ही पालक गेलेले. एका बाजूला सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि साठीतली आजी, दुसऱ्या बाजूला सरकारी नोकरीतली अविवाहित मावशी. उच्च न्यायालयानं मावशीचं वय आणि पगार पाहिला. सर्वोच्च न्यायालयानं मूल वडिलांकडच्या आजी-आजोबांना दिलं आणि उत्पन्न, वय किंवा मोठं कुटुंब एवढ्यावर निर्णय होत नाही असं म्हटलं. मुसलमान कुटुंबात आईनंतर लहान मुलाच्या संगोपनात आईच्या आईचा मान आधी येतो, मालमत्तेचं पालकत्व मात्र वडिलांच्या बाजूला असतं.

बापाच्या नावची दोन एकर आहे. चुलते म्हणतात, आम्ही बघतो.

बघू द्या, पण सातबाऱ्यावर नाव मुलाचं लागू द्या. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करा. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान मुलाचा सांभाळ करणारा, असा शेरा आणि सांभाळ करणाऱ्याचं नाव येतं. तो शेरा म्हणजे मालकी नव्हे, हे गावात सगळ्यांना मोठ्यानं सांगून ठेवा. न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा अज्ञान मुलाची जमीन विकता येत नाही, मग चुलत्याला कुठून येणार? अठरा पूर्ण झाली की अपाक शेरा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क पोर्टलवरूनही होतो.

सरळ दत्तकच घेतलं तर?

घेता येतं. बाल न्याय कायद्यानुसार काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा 'नातेवाईक' आहेत. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, मूल पाच किंवा त्याहून मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते, आणि सप्टेंबर 2022 पासून अंतिम हुकूम जिल्हाधिकारी देतात. दत्तक घेणाऱ्याच्या वयाची अट नातेवाइकांना लागू नाही. हा कायदा सर्व धर्मीयांना खुला आहे.

हिंदू दत्तक कायद्याची वाट वेगळी आहे आणि आजोबांना ती बहुधा बंद असते. मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर त्या कायद्यानं मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे वडिलांकडच्या आजोबांच्या आड त्यांचा तो नातूच येतो!

पण गरज आहे का, हे आधी विचारा. दत्तकानं आजी कागदावर आई होते आणि मुलाची मेलेली आई कागदावरून पुसली जाते. निपुत्रिक मामा-मामींनी घेतलं तर मी समजू शकते. सत्तरीच्या आजीला बहुतेक वेळा पालकत्वाचा हुकूम पुरतो.

जातीच्या दाखल्याला बापाकडचे कागद मागतात.

मागणारच, कारण जात सहसा वडिलांकडून धरतात. म्हणून संबंध ताणले जाण्याआधीच बापाचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि महसुली नोंदी यांच्या प्रती आणून ठेवा. दहावीनंतर शोधायला निघालात की दार उघडणारं कुणी नसतं. दोन्ही पालक गेलेल्या मुलाला महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्रही मिळू शकतं. राज्यात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्यांचाही त्यात विचार होतो.

दवाखान्यात ऑपरेशनची सही कुणी करायची?

बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची किंवा ज्याच्याकडे ते कायदेशीरपणे सोपवलेलं आहे त्याची संमती कायदा मानतो. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला मात्र तेच संमतीपत्र लागतं, जे मी वर लिहून घ्यायला सांगितलं.

'आई कुठंय?' असं विचारतो. देवबाप्पाकडे गेली म्हणून सांगितलंय.

चार वर्षांच्या मुलाला देवबाप्पाचं घर म्हणजे पुढचं गाव वाटतं. एक मुलगा रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचा, कारण आजोबांनी 'लांब गावाला गेली' म्हटलं होतं. 'आई मेली. आता ती परत येणार नाही. तुझ्यामुळं नाही मेली. मी आहे.' एवढीच चार वाक्यं, साधी. दुसरं पान उघडू नका, तो पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा तेवढंच सांगा. आत्महत्या असेल तर गावातलं कुणीतरी त्याला सांगणारच. त्याच्या आधी तुम्ही सांगा.

तुमचंही कुणीतरी गेलेलं असतं, हे लोक विसरतात. नातवाला आई नाही, पण तुमचीही लेक गेली आहे. त्याच्यासमोर रडलात तर काही बिघडत नाही.

तो मला आई म्हणतो. म्हणू द्यावं?

म्हणू द्या, पण खऱ्या आईचा फोटो भिंतीवर राहू द्या. तो काढून ठेवायचा सल्ला शेजारपाजारचे देतात, ऐकू नका.

लोक म्हणतात, आजोळी वाढलेलं पोर वाया जातं.

बाबासाहेब आंबेडकरांची आई ते लहान असतानाच गेली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळलं. असं बोलणाऱ्याला एवढं ऐकवलं तरी पुरे.

लाडाचा प्रश्न मात्र खरा आहे. दुधावरच्या सायीला दुधापेक्षा जास्त जपलं जातं. मोबाइल हातात दिला की पोर शांत बसतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढाच विसावा मिळतो, हे मला कळतं. अभ्यास घेता येत नाही म्हणून लाजू नका. 'आज काय शिकवलं ते मला सांग' म्हणा. जी आजी अक्षरं ओळखत नाही तिला शिकवताना मुलाचा धडा पक्का होतो.

नात चौदाची झाली. आम्ही थकलो, लग्न लावून मोकळं व्हावं म्हणतोय.

करू नका. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि लावून देणारे, भटजी, मंडपवाला सगळे त्यात येतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात 'मागं पोरीकडं बघणारं कुणी नाही' म्हणूनच ही लग्नं होतात, हे मला माहीत आहे. तिला शासकीय वसतिगृहात घाला. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना त्यासाठीच काढली आहे. पाळी, शरीर, छेडछाड यांबद्दल आजीला बोलणं जमत नसेल तर मावशीला किंवा आशाताईला बोलवा. तिच्याशी कुणीतरी बोललं पाहिजे.

वकील परवडत नाही.

स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. फोन 15100. अर्ज आजीच्या किंवा मुलाच्या नावानं करा, आजोबांच्या नको.

आमच्यानंतर कोण?

मृत्युपत्रानं पालक नेमण्याचा अधिकार हिंदू कायद्यानं आई-बापालाच आहे, आजी-आजोबांना नाही. तरी लिहून ठेवा, न्यायालय ते विचारात घेतं. त्याहून उपयोगाचं म्हणजे ज्या मामाकडे किंवा आत्याकडे मूल जाणार, त्याच्याकडे आत्तापासून दर सुट्टीत ते राहायला जाऊ द्या. पालकत्वाच्या अर्जातही त्याचं नाव सहअर्जदार म्हणून घाला. त्याच्या बायकोलाही विचारा. जेवायला वाढणार आहे ती.

हे एवढे कागद ठेवायचे कुठं?

एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, मूळ प्रती आणि तीन तीन झेरॉक्स. सगळ्यांचे फोटो काढून दोन वेगळ्या माणसांच्या फोनमध्ये. पिशवी धान्याच्या कणगीत नको, उंदीर लागतात. आणि मूल दहा-बारा वर्षांचं झालं की ती कुठं आहे, हे त्याला दाखवून ठेवा.